दूर्वा आणि आजोबांची हरळी

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की एकाच गवताला आजी दूर्वा म्हणते आणि आजोबा हरळी, मग खरं नाव कोणतं? तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आता सावकाश देते.

दोन्ही खरी आहेत. फक्त वापरण्याच्या जागा वेगळ्या. गणपतीला आपण दूर्वा वाहतो. हरळी वाहिली असं कुणी म्हणत नाही. उलट शेतात हरळी माजते. तिथे दूर्वा माजल्या म्हटलं तर लोक हसतील. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र इंग्रजीतून शिकले, तिथे ह्याच गवताला बर्म्युडा ग्रास म्हणत. परीक्षेपुरतं ते नाव वापरलं आणि सोडून दिलं.

पण हरळी हा शब्द आपल्या घरात कसा आला, ते तुम्हाला माहीत नाही.

आजोबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. हात थोडा थोडा परत आला. शब्द येईनात. समोरचं सगळं त्यांना कळत होतं, तोंडातून मात्र फक्त "ते... ते..." एवढंच निघे. बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येई आणि चित्रं दाखवी: कप, छत्री, घड्याळ. आजोबा मान फिरवत. मी घरभर चिठ्ठ्या लावल्या, कपाटावर 'कपाट', खिडकीवर 'खिडकी', चांगल्या ठळक अक्षरात. त्यांच्याकडे ते बघतसुद्धा नसत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे शब्द यायचे ते पहिल्या काही महिन्यांत येतात, नंतर अवघड जातं. ते महिने सरत चालले होते.

एका संकष्टीला तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, जासईहून त्यांना भेटायला आली. आम्ही तिघं खाली उतरलो. खांदा कॉलनीतल्या आपल्या इमारतीमागे, पाण्याच्या टाकीजवळ मातीचा एक पट्टा आहे. तिथे फरशी बसवायची राहिली आहे, म्हणून गवत उगवतं. आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मी दूर्वा खुडायला लागले. तीन पानांचे कोवळे शेंडे तेवढे घ्यायचे, त्यांची एकवीसची जुडी बांधायची.

आजोबा वाकले. काठीच्या टोकाने त्यांनी माती उकरली, डाव्या हाताने गवताचा लांबलचक वेल मुळासकट उपटला, काठीवर आपटून माती झाडली आणि तो कंपाउंडच्या भिंतीवर टाकला. मग दुसरा.

मी म्हटलं, "अहो, मुळं नकोत. शेंडे हवेत. दूर्वा आहेत त्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाय," ते म्हणाले. "हरळी."

माझ्या हातातल्या दूर्वा खाली पडल्या. आत्याआजी मात्र जागची हलली नाही. जणू आजोबा रोज बोलतच आहेत, अशा सुरात म्हणाली, "हरळीच ती. वहिनी शेरातली हाय दादा, तिला गवतात पन देव दिसतो. पन तू ती भितीवर कशाला टाकतोस रे? हितंच टाक की खाली."

"नाय," आजोबा पुन्हा म्हणाले. मग बराच वेळ ओठ हलले. "लागते. परत."

नंतर आत्याआजीने मला समजावलं. हरळी मातीत पडली की पेरापेरातून मुळं धरते. म्हणून लहानपणी ही भावंडं बेणणी करताना, म्हणजे तण काढताना, उपटलेली हरळी दगडावर वाळत टाकायची. एखादी काडी जरी वाफ्यात राहिली तरी वडील ओरडायचे. त्या शेतावर आता बंदराचे कंटेनर उभे आहेत.

त्या शिकवणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं, तर तिने चित्रं पिशवीत टाकली आणि म्हणाली, "काकू, आपण खाली त्या गवतापाशीच बसू या." तिचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यानंतर शब्द आले ते सगळे गावाकडचे. खुरपं, बांध, विळा, पेंढा. नोकरीत, बँकेत, माझ्याशीसुद्धा, आजोबा आयुष्यभर पुस्तकी मराठी बोलले; 'हाय' आणि 'नाय' फक्त बहीण आली की ऐकू यायचं. ती बोली त्यांच्या आत शाबूत होती. मी चिठ्ठ्या काढून टाकल्या. 'घड्याळ' अजून अडकतं; तोवर ते मनगटाकडे बोट दाखवतात आणि आमचं भागतं.

मी दर संकष्टीला दूर्वा वाहते. हल्ली देवापुढे काही मागत नाही, नुसती हात जोडून उभी राहते.

रविवारी तुमचा कॉल संपल्यावर आजोबा बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "पोरं कदी येतील?"

आजारपणानंतर त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी म्हटलं, "विचारून सांगते." तेव्हा तुमच्या सुट्ट्या बघा आणि मला कळवा. मला नको, त्यांनाच सांगा. ते तुमच्याशी त्यांच्या भाषेत बोलतील, तुम्हीही सावकाश बोला.