मबरूका मावशीची भट्टी

आमच्या डोंगरातल्या गावाची रोट्या भाजायची सामाईक भट्टी मबरूका मावशी राखायची. ट्युनिस शहरात जर्मनांनी ज्यूंची धरपकड मांडली, तिथल्या गझालाचाही नवरा नेला, तेव्हा पळून आलेल्या गझालाला मावशीनं आपलीच मुसलमान सून असल्याचं सांगून घरात घेतलं. एकदा, बरं का, जर्मनांचा खबऱ्या भट्टीपाशीच उभा होता आणि गझालानं सवयीनं कणकेची चिमूट विस्तवात टाकली.

"ही तर ज्यू बायकांची रीत!" तो गुरकावला.

"ज्यूंची कसली, मुडद्या? आगीचा घास आहे तो! आईनं काही शिकवलं नाही वाटतं तुला?" म्हणत मावशीनंही चिमूट टाकली. मग रोट्या भाजायला रांगेत उभ्या असलेल्या एकेका बाईनं आपापल्या कणकेची चिमूट टाकली. खबऱ्या चरफडत डोंगर उतरला.

गझालाच्या रोट्या मात्र मावशीलाच थापाव्या लागल्या. गझाला खबऱ्या उतरला त्या वाटेकडेच बघत बसली होती.