क्रूस पालथा घालताना

निरगुडसरला आमच्या घराला लागूनच मेंढरं पाळणाऱ्या काकूंचं घर. भिंत एकच, देव दोन. आमच्याकडे साधा लाकडी क्रूस, त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक. आणि मी, आजोबांपासूनचा ख्रिस्ती, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, त्या टाकावर जळायचो.

कारण काकू त्याच्याशी भांडायच्या! बिबट्यानं त्यांची गाभण मेंढी उचलली, तेव्हा सकाळीच भिंतीपलीकडून दणका ऐकू आला. "भंडारा उधळला की लई खूश व्हतोस, आन् राखायच्या टायमाला कुठं गेलतास रं? ऱ्हा आता पालथा!" टाक पालथा. दुपारी राग उतरला, टाक सुलटा, समोर गुळाचा खडा.

काय थाट! आमच्यात वडील गेले तेव्हासुद्धा आम्ही ओळीनं उभं राहून देवाचे आभार मानले होते. त्याच्या इच्छेपुढे गप्प राहायचं, हे मला बोलायला येण्याआधी शिकवलेलं. आपला देव ईर्ष्यावान आहे, हेही शिकवलेलं. माझ्याइतका नसावा.

यंदा आईला अर्धांगवायू झाला. प्रार्थनेला आलेली मंडळी म्हणाली, "देवाची योजना." मी मान डोलावली, चहा दिला. मंडळी गेल्यावर मात्र ठरवलं, आज भांडायचं, नाहीतर या देवाशी बोलणं कायमचं बंद.

स्टुलावर चढलो, क्रूस काढला, ऐटीत पालथा घालून पुन्हा टांगला. मागं सरकून पाहिलं. तोच क्रूस! त्याला ना पाठ, ना पोट.

खाटेवर आई अर्ध्या तोंडानं हसत होती. बोबडं बोलली, "काय करतो रं?"

"भांडतोय."

"मंग त्वांड न्हाई व्हय तुला? मी तर रोजच भांडती."

"रोज? ते डोळे मिटून, हात जोडून बसायचीस तेव्हा?"

"तुज्या बापाला नेलं तवापासनं. काय काय बोलले, पाळकांनी ऐकलं तर चर्चातनं काढत्याल मला."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तुला कशाला? भांडान त्याचं नि माजं."

काकूंवर इतकी वर्षं जळलो ते फुकट. भांडणाची खरी मालकीण इथं खाटेवर होती. तिनं डोळे मिटले, वाकडे ओठ हलू लागले. मी हळूच कान पुढं केला.

"तिकडं सरक," ती म्हणाली, "तुजं तू बोल."

मी स्टूल क्रूसासमोर ओढलं आणि सुरू झालो. चांगल्या चढ्या आवाजात. भिंतीपलीकडे काकूंनाही ऐकू जायला हवं होतं.