पुस्तिकेतला एकच मराठी शब्द

मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेलांत एक माहितीपुस्तिका फुकट मिळते. तिच्यात मराठीचा एकच शब्द आहे: नको. फेरीवाले मागे लागले, तर त्यांच्याकडे न बघता ‘नको’ म्हणा आणि चालत राहा, असा सल्ला. वाचून डोकंच फिरलं माझं. एवढ्या भाषेतून यांना हाच शब्द सापडावा!

काल संध्याकाळी संग्रहालयाबाहेर एक परदेशी बाई तीच पुस्तिका घेऊन चालली होती. पाठीवरच्या पिशवीची चेन उघडी, पाकीट अर्धं बाहेर. फुटपाथवरच्या गजरेवाल्या मावशी मागे धावल्या, “ओ बाई, पिशवी उघडी हाय!”

बाईनं मान न वळवता हात झटकला. “नको, नको!” उच्चार अगदी स्वच्छ. तशीच ती गर्दीत दिसेनाशी झाली.

“काय माणसं असतात!” मी मावशींना म्हणालो. “बघतसुद्धा नाहीत.”

मावशींनी गजऱ्यांच्या टोपलीमागून माझी चष्म्याची डबी काढली. “सकाळी तुमची पडली हुती. किती हाका मारल्या! तुमीबी नको नको करत निघून गेलात.”

आणि मला तर ते कुठल्या पुस्तिकेत वाचावंही लागलं नव्हतं.