डेमोवाले सर

आमच्या अमरावतीत शिकवणी वर्गांची एक रीत आहे. वर्ष सुरू होण्याआधी एक फुकटचा डेमो ठेवतात. पोरं आईबापांसकट येतात, आवडलं तर तिथंच प्रवेश घेऊन टाकतात. इंग्रजीचा डेमो माझा.

काय थाटात शिरायचो मी! बाही वर, दंड फुगवलेला.

"याले इंग्रजीत काय म्हणते?"

"मसल!"

"मसल म्हणजे मुळात लॅटिनमधला पिटुकला उंदीर. त्या लोकायले कातडीखाली उंदीर पळताना दिसला. आपल्याले काय दिसलं?"

मागून कोणी तरी ओरडायचं, "बेडकुळी!" हॉल हसून लोळायचा. बाहेर प्रवेशाला रांग लागायची. आणि वर्ग सुरू झाला की दुसरेच सर उभे राहून गाईड वाचून दाखवायचे.

मला वर्षभराचा वर्ग हवा होता. उंदीर-बेडकांच्या पलीकडे पुष्कळ होतं माझ्याकडे. शेवटी क्लासचे मालक म्हणाले, "अकोल्याची शाखा भरून द्या, तिथली बॅच तुमची."

भरून दिली. डेमो संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, 'मॅरीड विथ' कावून चुकते? लग्न तर सोबतच होते ना? मंग 'टू' कावून?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. इतका हरखलो, की घाईत उत्तर देववेना. म्हणालो, "सोमवारी. निवांत."

सोमवारी बसमध्ये तेच घोळवत होतो. सोबत काय, शेजारच्या सीटवरचा माणूसही असतो. मूर्तिजापूर आलं की उतरतो. 'टू'मध्ये गाठ आहे.

अकोल्याला पोचलो, तर जिन्यातूनच वर्गात दुसरेच सर दिसले. मालकांनी मला तिथंच अडवलं.

"तुमी वर्षभर शिकवलं तर पोरं तुमचे होतीन, क्लासचे नाही. अन् वरातीत बँड वाजवणारा नवरीच्या घरी नांदाले राहते का जी?"

उपमा झकास होती. दुसऱ्या कोणावर असती तर मी टाळी दिली असती.

तेवढ्यात आतून त्या पहिल्या बाकावरच्या मुलीचा आवाज आला. तोच प्रश्न.

"तसंच असते. पाठ कर," नवे सर म्हणाले.

मी वर्गाच्या दाराकडे वळलो. मालकांनी दंड धरला, अगदी प्रेमानं, बेडकुळी येते तिथंच.

"रविवारी परतवाडा, सर. हॉल मोठा आहे."

गेलो. बाही वर केली. हॉल लोळला. शेवटी मागच्या रांगेत एक हात वर झाला. तो दिसलाच नाही असं दाखवून मी कमरेत वाकून नमस्कार केला आणि उतरलो.