पाहुण्याचं कुलूप

"ये ताला किसका है? मैं पूछता हूँ, किसका है ये ताला?"

घरमालक असे ओरडत होते, की करोल बागेतली कबुतरं उडाली ती थेट नोएडात जाऊन उतरली असतील. सकाळची वेळ. मी नुकताच खोलीला कुलूप घालून कामावर निघालो होतो, तर जिन्यातून घरमालक, त्यांचा वकील आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर अशी वरात वर आली. माझ्या दारावर दीड किलोचं अलिगढी कुलूप लोंबत होतं. काका उघड्या अंगाने, अर्धी दाढी केलेले, मोरीच्या दारात शांत उभे.

काका माझे नात्याने कोणीच नव्हेत. केंद्र सरकारच्या एका कचेरीत ते अधीक्षक होते आणि या दोन खोल्यांचे पंचवीस वर्षांचे भाडेकरू. कायद्याने भाडं असं गोठलेलं, की तेवढ्यात जिन्यातला बल्बही आला नसता. आसपास सगळे जुनं पाडून चार-चार मजले चढवत होते. आमच्या घरमालकांच्या वाटेत फक्त काका. मी पेजर विकायला दिल्लीत आलेलो. काकांनी मला एक खोली दिली आणि पहिल्याच दिवशी माझे हक्क समजावून सांगितले.

"कागदावर तू माझा पाहुणा. पाहुण्याला गादी मिळते, चहा मिळतो. कुलूप मिळत नाही."

"का बरं?"

"तुझ्या खोलीला तुझं कुलूप, म्हणजे मी पोटभाडेकरू ठेवला. कोर्टात ते सिद्ध झालं की मी रस्त्यावर. तूही, पण तुझं काय, तू तरुण आहेस."

वर्षभर मी हे पाळलं. मग दिवाळीला आईने पुण्याहून रव्याच्या लाडवांचा डबा पाठवला. एकेक लाडू असा, की डोक्यात घातला तर माणूस आडवा. रोज संध्याकाळी येऊन बघावं, तर दोन कमी.

"उंदीर," काका म्हणाले.

"झाकण उघडून परत घट्ट लावणारे?"

"दिल्लीचे आहेत. शिस्तीचे."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या करदोट्याला बांधल्या. काकांनी कुलूप पाहिलं, मला पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. नवल म्हणजे लाडू तरीही कमी होतच राहिले. मीच झोपेत खातो की काय, अशी मला शंका येऊ लागली होती.

आणि आता वकील विचारत होता, "चाबी किसके पास है?"

माझा हात आपोआप कमरेकडे गेला आणि तिथेच थिजला. किल्ली काढली असती तर पंचवीस वर्षांचं घर माझ्या दोन लाडवांपायी गेलं असतं. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

"मेरा घर, मेरा ताला," काका म्हणाले. "मेहमान आते-जाते रहते हैं, सामान तो संभालना पड़ता है ना."

त्यांनी जानव्याला अडकवलेली किल्ली काढली. कानशीच्या ताज्या ओरखड्यांची, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने नुसतं कुलूप बघून घासलेली. ते कुलूप उघडायला मला रोज तीनदा झटापट करावी लागे. काकांनी एका हाताने, दुसऱ्या हाताने टॉवेल सावरत, एका झटक्यात उघडलं. दार आत गेलं. खाट दिसली, पेजरची खोकी दिसली, डबा दिसला.

वकिलाने घरमालकांच्या कानात काहीतरी सांगितलं. "जिसकी चाबी, उसी का कब्ज़ा" एवढंच मला ऐकू आलं. वरात आली तशी खाली उतरली. घरमालक शेवटच्या पायरीपर्यंत ओरडत होते, पण आता आमच्यावर नाही, नुसतेच जिन्यावर.

मी डब्याचं झाकण उघडलं. तळाशी तीन लाडू.

"काका, खरं सांगा. किल्ली कायद्यासाठी केलीत की लाडवांसाठी?"

काका उरलेल्या गालाला साबण लावत होते.

"वेलची कमी होती," ते म्हणाले.