घाटनांदूरची लाल टू-सीटर

अपघात झालेल्या गाड्या तपासून रिपोर्ट लिहिणं हा माझा बीडमधला व्यवसाय. अपघाताचं कारण गाडीतच सापडतं, असं मानणारा मी माणूस. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी सरळ विषय बदलायचो. म्हणूनच हे लिहायला दीड वर्ष लागलं...

माझा मेहुणा सचिन याला स्पोर्ट्स कारचं वेड. खरी परवडणार नाही, म्हणून त्यानं रेप्लिका शोधली — जुन्या सेडान गाडीला फायबरची बॉडी चढवलेली, लाल, दोनच सीटची. घाटनांदूरच्या एका निवृत्त गुरुजींकडे होती.

"दाजी, तुमी हो म्हणलात तरच घेतो," सचिन म्हणाला.

गेलो. सकाळचे साडेअकरा असतील. गुरुजींनी आधीच सांगितलं, "अमोलनं, माझ्या मुलानं, अंगणात बसून बनवली. मागच्या वर्षी डेंग्यूनं गेला. आता बघवत नाही, म्हणून विकतोय."

तासभर तपासली. चासी नंबर आरसीशी जुळला. बॉडी बदलल्याची नोंद मात्र नव्हती. दारापाशी फायबरला तडे. ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं, कडक लागलं; म्हणजे ब्रेक ठीक. मग चालवून बघायला निघालो. मी स्टिअरिंगवर, सचिन शेजारी.

गावाबाहेर लांब उतार आहे. तिथं साठचा स्पीड असेल. एकदम कानामागून आवाज आला — "ब्रेक लागायचा न्हाई. गिअर उतरवा."

शांत, समजावून सांगितल्यासारखा. सचिननं झटकन मागं पाहिलं. मागे बसायला जागाच नाही, नुसती फायबरची भिंत!

मी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं.

समोर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी, तिच्या सावलीत दोन बाया भाकरी खात बसलेल्या. हात आपोआप गिअरवर गेला... तिसरा, दुसरा, मग हँडब्रेक. गाडी फरफटत, ट्रॉलीच्या दहा-बारा फूट अलीकडे थांबली.

"दाजी... तुमी बोललात का?"

"मला वाटलं तू बोललास."

खाली वाकून पाहिलं. ब्रेकचा पाईप फुटला होता, ऑइल गळत होतं. कुजलेला पाईप माझ्या नजरेतून सुटला, ही माझी चूक. ब्रेक का गेला, ते कळलं. पण तो आवाज? मनाचा खेळ म्हणावा, तर दोघांना एकच वाक्य कसं ऐकू येईल?

गाडी तिथंच ठेवून चालत परत आलो. सचिननं भडाभडा सगळं सांगून टाकलं. ते ऐकून आतून काकू, अमोलची आई, आल्या, पिठाच्या हातांनीच.

"आवाज थकल्यावानी व्हता का वो, दादा?"

मी म्हणालो, "नाही काकू. चांगला ठणठणीत होता."

त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि रडायला लागल्या. शेवटचे आठ दिवस अमोलला नीट बोलताही येत नव्हतं, असं गुरुजी म्हणाले.

गाडी त्यांनी विकली नाही, ओढून घरी आणली. परवाच गुरुजींचा फोन आला होता. काकू रोज दुपारी घरचं आवरून तिच्यात जाऊन बसतात म्हणे.

"काही ऐकू येतं का त्यांना?" मी विचारलं.

"न्हाई ओ. अजून तरी न्हाई."

त्याला कधी पाहिलंही नव्हतं अशा आम्हा दोघांना तो आवाज आला. आईला का येत नाही... मला खरंच माहीत नाही.