चिंचेनं धुतलेली वाळू

आमच्या खर्डा गावाकडच्या बोअरचं पाणी चवीला चांगलं आहे, म्हणून कुणाला खरं वाटत नाही. त्यात फ्लोराईड आहे. माझ्या मुलीच्या दातांवर आधी तपकिरी डाग आले, मग चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासायला लागले. डॉक्टर म्हणाले, हाडं वाढताहेत तोवरच काय ते करा, हे पाणी बंद करा. जारचं पाणी रोज आम्हाला परवडत नाही, हे मला त्यांना सांगवलं नाही.

मग संगमनेरच्या एका कॉलेजातली मुलगी तिच्या अभ्यासासाठी आमच्या घरी फिल्टर बसवायला आली. तिनं सोबत आणलेलं तांबूस पाणी पिंपातल्या वाळूवर ओतलं. खालून निवळ पाणी निघालं आणि वाळू विटकरी झाली.

"ताई, हे गंजाचे कण आहेत. एकेक कण डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतका बारीक. ते वाळूच्या दाण्याला आपोआप चिकटतात, डिंक लागत नाही. आणि फ्लोराईड त्यांना चिकटतं."

"धुतल्यावर निघंल का?"

"साध्या पाण्यानं नाही. पण लिंबू, चिंच असलं आंबट लावू नका. आंबटानं गंज सुटतो."

पुढच्या खेपेला तिनं पाणी तपासलं आणि हसून म्हणाली, "फ्लोराईड बरंच उतरलंय, ताई." त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची.

नंतर भावकीत चुलत सासरे वारले. सुतक फिटतं त्या दिवशी आमच्यात घरातलं सगळं पाणी ओतून देतात, भांडीकुंडी घासून घेतात. मी कांदे काढायला गेले होते. संध्याकाळी आले तर फिल्टरचं पिंप उपडं होतं आणि घमेल्यात वाळू. पांढरी.

"आत्याबाई, ही वाळू..." मी सासूबाईंना विचारलं.

"समदं घर धुतलं, अन् ही तेवढी सुतकाची ठिवू व्हय? लई गंज धरला हुता. चिंचंनं चोळली तवा निघाला. नातीच्या पोटात जातंय म्हनून हात दुखंस्तवर घासली बग."

मुलगी टाळ्या वाजवत होती. "आजी म्हनती, आता माजं पानी सायबाच्या घरच्यावानी!"

मी तेलाची वाटी आणली. सासूबाईंच्या बोटांची सालं निघाली होती. त्या पोरीला माझ्याहून जास्त जपतात.

कॉलेजच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, माझा अभ्यास संपला. ते कण लॅबमध्ये बनवायचे, आता मला तिथं जाता येत नाही. सरांना विचारून सांगते." तिचा फोन आला नाही. मी दोनदा लावला, मग लावायची लाज वाटायला लागली.

सासूबाईंनी वाळू परत पिंपात भरली. पाणी निवळच येतं, पूर्वीसारखं. शेजारणी बघून जातात, त्यांना कौतुक वाटतं.

काल मुलगी शाळेतून फेंगडत आली, तोटीखाली पेला धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, पिऊ?"

तहान लागली होती तिला. "पी," म्हणाले.